सांगायचं कसं, ते आधी ठरव

मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत एखादं पोर माझ्या टेबलाशी घोटाळतं, डस्टर उचलून ठेवतं आणि मी विचारलं की म्हणतं, "काही नाही बाई." सांगायचं पुष्कळ असतं, पण सुरुवात सापडत नाही. तुला कुणी त्रास देत असेल आणि कुणाला सांगता येत नसेल, तर हे तुझ्यासाठी. धीर एकवटून मग बोलू, असं म्हणत थांबू नकोस. आधी वाक्य तयार कर. बहुतेकांना धीर सांगून झाल्यावरच येतो, हे मी पाहिलंय.

"ते मला त्रास देतात," एवढंच म्हणालास किंवा म्हणालीस, तर मोठी माणसं सहज उडवून लावतात. "लक्ष देऊ नकोस", "तूच काहीतरी केलं असशील", झालं. त्याऐवजी असं सांग: "सोमवारी मधल्या सुट्टीत टाकीपाशी दहावीच्या तिघांनी माझा डबा मातीत ओतला आणि मला बाथरूममध्ये कोंडून बाहेरून कडी लावली. मागच्या आठवड्यातही हेच झालं." याला उत्तर द्यावंच लागतं. वार, वेळ, जागा, कोण होतं, कुणी पाहिलं, हे त्याच दिवशी वहीत लिही. वही दप्तरात नको, घरी ठेव. शिव्या दिल्या असतील, जातीवरून किंवा रंगावरून बोलले असतील, तर तेच शब्द लिही. पोरं ते लिहायला लाजतात. तू लाजू नकोस, ते शब्द तुझे नाहीत.

मग ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघ, गच्चीवर, शेतात, कुठेही. आवाज फुटत नसेल तर चिठ्ठी दे. कितीतरी मुलांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली आणि मी वाचेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तेवढं पुरतं.

कुणाला सांगायचं? आईवडिलांनाच आधी सांगितलं पाहिजे असं नाही. काही घरांत "मार खाऊन आलास?" म्हणून आणखी दोन बसतात. आत्या, मावशी, आजी, खेळाचे सर, शाळेतल्या शिपाई मावशी, जे ऐकून घेतील असं वाटतं त्यांना सांग. पहिल्यानं झटकलं तर दुसऱ्याकडे जा, तेच वाक्य घेऊन. राज्याच्या २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. आमच्या शाळेत कोण आहे तीत, असं खुशाल विचार.

"तूही दोन ठेवून दे," असा सल्ला काकामामा देतात. मी देत नाही. दुसऱ्या दिवशी त्या प्रकरणाचं "दोघांची मारामारी" होतं आणि तुझी तक्रार कुणी वाचत नाही. अंगावर आलं तर ओरड, सुटून निघ, माणसं असतील तिकडे जा.

कुणी अंगाला नको तिथे हात लावत असेल, कपडे काढायला लावत असेल, तसले फोटो दाखवत किंवा मागत असेल, तर वाट पाहायचीच नाही. तो शिकवणीचा सर असो, नातेवाईक असो, मोठा मुलगा असो. लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी आहे तसाच मुलांसाठीही आहे. पोलिसांनी तुझा जबाब तुझ्या घरी किंवा तुला बरं वाटेल तिथे, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तुझं नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही. आणि ज्या मोठ्या माणसाला हे कळेल त्याला ते पोलिसांना कळवणं भागच आहे. म्हणून "बाई, कुणाला सांगू नका" असं म्हणणाऱ्या मुलाला मी तसा शब्द देत नाही. पुढे मी काय करणार ते मात्र त्याला आधी सांगते. घरात कुणीच नसेल तर १०९८ हा मुलांचा हेल्पलाइन नंबर फिरव. फुकट आहे, रात्रीही लागतो. जिवावर बेतलं असेल तर ११२.

मोबाइलवरचं घाबरून पुसून टाकू नकोस. समोरच्याचा नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढ, मग ब्लॉक कर. फोटो पसरवायची धमकी असेल तर पैसे देऊ नकोस, दुसरा फोटो तर मुळीच नको. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर असल्या फोटोंची तक्रार नाव न देताही करता येते.

कॉलेजात गेलेल्यांसाठी: रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते. देशभराचा हेल्पलाइन नंबर १८००-१८०-५५२२.

हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडताना दिसलं तर त्या घोळक्यात हसू नकोस. पुढे होऊन भिडायची ताकद नसेल तर नसू दे. नंतर त्याच्या बाकावर जाऊन बस, "मी पाहिलंय, मी सांगेन" म्हण, आणि बाईंकडे त्याच्याबरोबर ये. साक्षीला एक जण असला की आम्हालाही पुढे बोलायला बळ येतं.

सांगूनही आठवडाभरात काही हललं नाही, तर अर्ज लिही. वहीतल्या नोंदी तारखेनिशी उतरव, दोन प्रती काढ. एक मुख्याध्यापकांना दे, दुसरीवर पोच म्हणून सही, शिक्का आणि तारीख घे. सही द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज घरच्या कुणाकडून स्पीड पोस्टानं पाठव आणि पावती त्या वहीत चिकटव.