लहान मुलांना घेऊन मित्राच्या शेतावर हुरड्याला जाताना

थंडी पडली की मित्राचा फोन येतो, ‘कणसं भरलीत, पोरांना घेऊन या.’ म्हणजे ज्वारीची कोवळी कणसं भाजून हुरडा खायला. तिकीट काढून जायच्या हुरडा पार्ट्या आता जागोजागी आहेत, पण ओळखीच्या शेतावरचा दिवस निराळाच. मुलांनी काही विचारलं तर सांगायला घरचं माणूस असतं. मुलं सहा-सात वर्षांच्या आतली असतील तर मात्र तयारी हवी. आम्ही पारनेर तालुक्यातल्या एका मित्राकडे दरवर्षी जातो. तिथे शिकलो ते सांगतो.

१. तारीख मित्राला ठरवू द्या

रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि हुरडा साधारण डिसेंबर-जानेवारीत येतो. पण एका वावरातली कणसं हुरड्याजोगी राहतात ती थोडेच दिवस. दाणा नखाने दाबल्यावर नुसतं दूध आलं तर तो कोवळा, दबलाच नाही तर निबर. या दोन्हींच्या मधला दाणा हवा. म्हणून ‘आम्हाला रविवारच सोयीचा’ असा हट्ट धरू नका. ज्वारी कोणती पेरलीय तेही विचारा. मालदांडी भाकरीची. हुरड्याला सुरती, गूळभेंडी किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले मधुर हे वाण गोड लागतं.

त्याच फोनवर आणखी चार गोष्टी विचारून घ्या: आठवड्याभरात फवारणी झालीय का, विहिरीला कठडा आहे का, शेततळं आहे का आणि संडासाची सोय काय. यात संकोच करू नका, मित्राला तुमच्या मुलांची काळजीच असते.

२. सामान

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट घ्या. ज्वारीचं पान कडेने कापतं आणि कणसाची कूस (बारीक लव) अंगाला खाजते. सकाळी बोचरी थंडी, दुपारी चटका, म्हणून स्वेटर आणि टोपी दोन्ही लागतात. कपड्यांचा जास्तीचा जोड, टॉवेल, पिण्याचं पाणी, बस्स.

३. पोचल्यावर आधी शिवारफेरी

चहाच्याही आधी मित्राबरोबर मुलांना घेऊन एक फेरी मारा. पाण्याच्या मोटारीची पेटी, कडबाकुट्टी (चारा कापायचं यंत्र), फवारणीच्या औषधाचे डबे ठेवलेली खोली, कडब्याची गंज (तिच्यात विंचू असतात) बोट दाखवून सांगा, ‘इथे एकट्याने यायचं नाही.’

सर्वांत धोक्याची जागा शेततळं. विहिरीची भीती सगळ्यांनाच असते, शेततळं मात्र पोहायच्या तलावासारखं दिसतं. तळाला आणि उताराला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही दोराशिवाय वर येणं कठीण जातं, मूल तर क्षणात खाली जातं. कुंपण असलं तरी तिकडे मुलांना नेऊच नका. मोठ्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावून घ्या. ज्याची पाळी, त्याने मोबाइल खिशात ठेवून फक्त मुलांकडे बघायचं.

४. आगटी

वीतभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्या. जाळ उतरून निखारे धुमसायला लागले की कणसं त्यात खुपसायची, दांडे बाहेर. मुलांना आधी वास येतो, मग दाण्याचा हिरवा रंग गडद होतो. कणीस बाहेर काढून राख झटकायची आणि गरम असतानाच तळहातांवर चोळायचं. हा भाग मोठ्यांचा. मुलांच्या हाती सूप द्या. फुंकर मारली की कोंडा उडतो आणि सुपात हिरवे, ओलसर, वाफाळते दाणे उरतात. ते दृश्य बघताना आमची धाकटी खायचंच विसरली होती.

तिच्याच बाबतीत झालेली चूक सांगतो. हुरडा संपला, आम्ही जेवायला बसलो आणि ती विझलेल्या आगटीत खेळायला गेली. वरची राख थंड होती, खाली निखारा जिवंत. सँडलचा तळ वितळला, पाय थोडक्यात वाचला. तेव्हापासून शेवटचं कणीस निघालं की बादलीभर पाणी ओततो आणि वर माती लोटतो.

बरोबर शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गूळ, दही, गोडीशेव असतेच. चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, हरभरे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना हुरडाही ठेचून, दह्यात कालवून द्या. खाताना पळायचं नाही, हा नियम सगळ्यांना.

५. दुपारी एकच काम

दहा गोष्टी दाखवायला जाऊ नका, मुलं दमतात आणि चिडतात. कांद्याला पाणी चालू असेल तर दारं धरायला, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी वळवायला न्या. कोरड्या सरीतून पाण्याचं तोंड सरकत येतं, माती चुर्रचुर्र आवाज करते, मुंग्यांची पळापळ होते. वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून पुढचं दारं मोडायचं. तासभर मुलं हलत नाहीत. वाटेत हरभरा असेल तर पानावर बोट फिरवून चाटायला लावा. ती आंबट चव म्हणजे हरभऱ्याची आंब. फवारणी झाली नसल्याची खात्री मात्र आधी करा.

गाई-म्हशींना मुलांनी मनानेच काही खाऊ घालू नये. कोवळी ज्वारी जनावराला विषारी ठरते, या विषबाधेला किराळ लागणं म्हणतात. वासराला हात लावायचा तर मालक जवळ हवा, आणि मागच्या पायांकडून कधीच जायचं नाही.

६. निघताना

मित्र पैसे घेणार नाही, देऊही नका. त्याच्या आईसाठी, घरच्या मुलांसाठी काही न्या. ज्वारी, कांदा विकायला असेल तर बाजारभावाने घ्या, घासाघीस करू नका. ताटं घासू लागा.

पारनेर, शिरूर, जुन्नर या पट्ट्यात उसात बिबटे आहेत, तेव्हा दिवस मावळायच्या आत गाडीत बसा. कुणाला साप चावलाच तर जखम कापणं, चोखणं, मांत्रिक यात वेळ न घालवता १०८ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा.

घरी पोचल्यावर अंघोळ घालताना मुलांच्या कानामागे, काखेत गोचीड नाही ना ते बघा. मित्राच्या आईने बांधून दिलेला हुरडा त्याच रात्री फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी कांदा, मिरची, कोथिंबीर घालून त्याची थालीपिठं लावा.