पन्हाळा कानाने बघायचा तर

कोल्हापुरात घर असलं की पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो : अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा आणि पन्हाळा. पहिल्या दोन्ही गोष्टी मी हौसेने करते. पन्हाळ्याला मात्र दर वेळी सोबत जाणं जमत नाही, बँकेतली नोकरी आहे. म्हणून मी माझ्याच आवाजातल्या दहा-बारा क्लिपा करून ठेवल्यात. त्या पाहुण्यांच्या मोबाईलवर टाकायच्या आणि त्यांना सकाळच्या एस.टी.त बसवून द्यायचं. अशा क्लिपा कशा करायच्या आणि त्या ऐकत गड कसा फिरायचा, ते सांगते.

या प्रकाराला पन्हाळा फार सोयीचा. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर, तीन हजार फुटांच्या वर उंची, पण चढ गाडीच चढते. वर नगरपरिषद आहे, शाळा आहे, नांदतं गाव आहे. तटाचा घेर मात्र सात किलोमीटरच्या वर. एका दिवसात अख्खा गड पायाखाली घालायच्या भानगडीत पडू नका. सहा-सात ठिकाणं निवडा. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत हाही आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. मधला वार गाठलेला बरा.

क्लिपांचा क्रम सनावळीने लावू नका. शिलाहार राजा दुसरा भोज, मग बहमनी, मग आदिलशाही असं सुरू केलंत की ऐकणारा पहिल्याच वळणावर मोबाईल खिशात टाकतो. पाय जिथे आधी पोचतात, ती गोष्ट आधी. पन्हाळ्याला हा क्रम मजेशीर पडतो, कारण गावात शिरताना आपण जिथून जातो तिथला चार दरवाजा आज जागेवर नाही. १८४४मध्ये गडकऱ्यांनी, म्हणजे गडाची राखण करणाऱ्या शिबंदीने, बंड केलं, इंग्रजांनी गड घेतला आणि हा दरवाजा पाडून टाकला. म्हणजे माझी पहिली क्लिप गडावरच्या शेवटच्या लढाईची, तीसुद्धा न दिसणाऱ्या दरवाजापुढे उभं राहून ऐकायची.

दुसरा थांबा बाजीप्रभूंचा पुतळा. इथे सगळे फोटो काढतात, काढू द्यात. बोलणं अर्ध्या मिनिटात उरका.

ताराराणींच्या वाड्यापाशी मात्र मी लांबण लावते. वाड्यात शाळा भरत असल्याने लोक बाहेरूनच बघून पुढे सटकतात, पण या बाईंनी औरंगजेबाशी झुंज दिली, पन्हाळ्यावरून कोल्हापूरचं राज्य चालवलं आणि १७१४मध्ये याच गडावर सवतीने, राजसबाईने, त्यांना मुलासकट कैदेत टाकलं. १७८२मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात गेली. हे ऐकल्यावर त्याच दगडी भिंतीकडे माणसं पुन्हा वळून बघतात.

आता रेकॉर्डिंगचं. महागडा माईक नको, मोबाईलमधला रेकॉर्डर पुरतो. मी कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसते, आवाज घुमत नाही. वेळ रात्री साडेदहानंतरची, शेजारचे कुकर आणि मालिका थंडावल्यावर. एक क्लिप दोन मिनिटांची, म्हणजे कागदावर सव्वादोनशे-अडीचशे शब्द. प्रत्येक क्लिपेचं पहिलं वाक्य उभं कुठे राहायचं ते सांगणारं हवं : ‘दरवाजा डाव्या हाताला येईल असे थांबा.’ शेवटचं वाक्य पुढे कसं जायचं ते. मधे इतिहास. फाइलींच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला, नाहीतर मोबाईल त्या आपल्या मर्जीने लावतो आणि अंबारखान्यात, म्हणजे धान्याच्या कोठारांत, उभ्या असलेल्या माणसाला राजदिंडी या छोट्या दरवाजाची गोष्ट ऐकू येते. क्लिपा घरूनच उतरवून घ्या, दगडी कोठारांत रेंज गुल होते.

ऐकायचा नियम एकच : चालताना बंद, थांबल्यावर चालू. आणि एकाच कानात. वर रस्त्याने गाड्या येत-जात असतात, आणि दोन्ही कान बुजवून तटाच्या कडेला फिरणं हा निव्वळ आगाऊपणा.

माझी एक खोड सांगते, ती उचलायला हरकत नाही. ज्या गोष्टीला कागदाचा आधार नाही, नुसती परंपरेने सांगितली जाते, तिच्याआधी मी स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवते. टिंग. गडावरच्या निम्म्या गोष्टी अशाच असतात आणि त्या गाळल्या तर मजा जाते. पण खरं म्हणून ठोकून द्यायलाही माझी जीभ रेटत नाही. पुण्याची भाचरं तर आता टिंगचीच वाट बघतात.

सज्जाकोठीत हे फार उपयोगी पडतं. शंभूराजे मुघल सरदार दिलेरखानाकडे जाऊन परत आले ते पन्हाळ्यावर, आणि एप्रिल १६८०मध्ये रायगडावर महाराज गेले तेव्हाही ते इथेच होते. इथवर वाटी गप्प. या कोठीत त्यांना नजरकैदेत ठेवलं होतं, इथे टिंग. वरच्या मजल्यावरून खाली दरी आणि समोर जोतिबाचा डोंगर दिसतो, तो दाखवणारी ओळ क्लिपेत घाला. पण पावसाळ्यात धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, तिथे जोतिबा कुठला! जून ते सप्टेंबरसाठी या थांब्याची वेगळी क्लिप करून ठेवा.

अंबारखान्यात तीन कोठारं आहेत : गंगा, यमुना, सरस्वती. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. बाहेरच्या जिन्याने छतावर चढा, धान्य ओतायची भोकं बघा, मग खाली आत जा. आत मी मुद्दामच काही बोललेली नाही. कानातलं काढा आणि एक टाळी वाजवा. उंच कमानींखाली ती टाळी जी घुमते, त्यावरून कोठाराचा आवाका कळतो. वटवाघळांचा वास येतो, तेवढं सोसायचं.

इथून पश्चिमेला तीन दरवाजा. आदिलशाही काम, फारसी शिलालेख आणि नक्षी. इथली क्लिप म्हणजे एक कामगिरी आहे : चौकटीवर छोटा गणपती कोरलेला आहे, तो शोधा. पोरं दहा मिनिटं गुंततात, मोठेही. शेजारीच अंधारबाव. बाहेरून ती साधी दगडी इमारत वाटते आणि पोटात खोल विहीर. वेढ्यात शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून ती अशी झाकून बांधली. टिंग. उतरताना मोबाईलचा टॉर्च लावा. पायऱ्या गुळगुळीत झाल्यात, सँडल घालून येणाऱ्यांची तारांबळ उडते.

याच भागात थांबून महाराजांचे सरदार कोंडाजी फर्जंद यांची गोष्ट ऐकवते. मार्च १६७३, साठ गडी, रात्रीची चढाई. वर पोचल्यावर चहूबाजूंनी कर्णे वाजवले आणि आदिलशाही किल्लेदाराच्या माणसांना वाटलं मोठी फौज आली. साठ माणसांनी आवाजाच्या जोरावर घेतलेला गड आहे हा. या क्लिपेला मागे तुतारीबितारी लावायचा मोह होतो, लावू नका. ऐकणारा आपोआप तटाकडे बघतो.

मग भाकरी. तीन दरवाजापाशी बायका चुलीवर भाकऱ्या थापत असतात : झुणका, खरडा, दही. या थांब्याला क्लिप नाही. मावशींशी बोला, कुठली पायवाट मोकळी आहे ते त्यांना माझ्यापेक्षा बरं ठाऊक. आणि एखादा गाइड भेटला तर त्यालाही तासभर सोबत घ्या. माझ्या क्लिपांना प्रश्न विचारता येत नाहीत, त्याला येतात.

राजदिंडी शेवटी. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा मार्च १६६०पासूनचा. राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफांची मदत केलेली. जुलैतल्या मुसळधार पावसाच्या रात्री महाराज गडावरून निसटले, ते या छोट्या दिंडीतून. त्यांचं सोंग घेऊन पालखीत बसलेल्या शिवा काशीदांची समाधी खाली नेबापूरला आहे, परतताना तिथे जरूर उतरा. घोडखिंडीचा रणसंग्राम मी इथे सांगत नाही. ती खिंड इथून फार लांब, विशाळगडाच्या वाटेवर आहे. जे जिथे घडलं ते तिथेच ऐकावं, म्हणून खिंडीची क्लिप वेगळी ठेवलीय, पुढेमागे विशाळगडापर्यंतची वाट पायी चालणाऱ्यांसाठी.

घरी आल्यावर पाहुण्यांना विचारा, कुठली क्लिप मधेच बंद केली. तेवढी पुन्हा रेकॉर्ड करा, निम्म्या लांबीची.