आयडलिंगला इंजिन डुलतंय? आधी व्हॅक्यूम पाइप बघा

जळगाव-भुसावळकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बॉनेटखालचे व्हॅक्यूमचे (इंजिनाच्या हवेच्या ओढीला जोडलेले) रबरी पाइप कडक होऊन तडकतात. अशाच एका पेट्रोल गाडीचं आयडलिंग (गाडी उभी, इंजिन चालू) ८०० ते १,३०० आरपीएममध्ये सारखं वर-खाली होत होतं. फ्युएल पंप बदला, असा सल्ला मिळाला होता. पण पंप कमजोर असता तर गाडी चढावर, लोडवर दम सोडते. इथे त्रास फक्त उभ्या गाडीत. म्हणजे थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) जादा हवा घुसत होती.

इंजिन चालू ठेवून एकेक पाइप मॅनिफोल्डजवळ, फडकं गुंडाळलेल्या पकडीने दाबला. ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) दाबला, फरक नाही. पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेचा) दाबला, तरी नाही. पीसीव्हीचा (इंजिनातली तेलाची वाफ मॅनिफोल्डमध्ये ओढणारा) दाबताच आरपीएम ८०० वर येऊन स्थिर. (चांगल्या पाइपलाही आरपीएम किंचित पडतो, तेवढ्यावर जाऊ नका.) पाइप काढून वाकवला, तेव्हा वळणाच्या खालच्या बाजूला नखभर चीर उघडली. वरून तो धडधाकट दिसत होता.

कूलरची नळी इथे अजिबात लावू नका: तेलाच्या वाफेने फुगते, व्हॅक्यूमच्या ओढीने चपटी होते. तेल-पेट्रोल सोसणारा, त्याच आतल्या व्यासाचा पाइप आणि नवे क्लिप बसवले. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवून पाहिला. खडखडला, म्हणजे आत अडकलेला नाही, म्हणून तोच ठेवला.

गळती शोधायला गरम सायलेन्सरजवळ कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) मारणं टाळाच, भडका उडतो.