उडती साइड किक: पाय पोचायच्या आधीच मी खाली येत होतो

तायक्वांदोतली ट्विम्यो योप चागी, म्हणजे हवेत उडून मारायची साइड किक. पाय पॅडला लागेपर्यंत मी खाली यायला लागायचो आणि टाचेऐवजी सपाट तळवा आपटायचा. धाव वाढवली, दोरीउड्या मारल्या, फरक शून्य. चार महिने नुसता वैताग.

चूक उंचीत नव्हती, क्रमात होती. आता फक्त तीन पावलं, शेवटचं डावं. डाव्या पायावरून उडी वर, पुढे नाही. त्याच क्षणी उजवा गुडघा छातीशी. मग कंबर वळवून टाच पॅडकडे, डावा पाय खाली दुमडलेला. वर जातानाच उजवा पाय सरळ, बोटं मागे ओढलेली. लगेच पाय परत, गुडघे वाकवून उतरायचं. सुरुवातीला पॅड कमरेएवढ्याच उंचीवर धरायला सांगा.