पेशीपटलाची तरलता: उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘असंपृक्त मेदाम्लं वाढली की पटल जास्त तरल होतं.’ (पटल म्हणजे पेशीभोवतीचं मेद-प्रथिनांचं पातळ आवरण; असंपृक्त म्हणजे कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध असलेली.) बारावी-बीएस्सीच्या उत्तरांत हे वाक्य हमखास सापडतं आणि बहुतेकांचं उत्तर तिथेच संपतं. वाक्य खोटं नाही, पण तेवढ्याच्या जोरावर पुढचे प्रश्न सोडवायला गेलं की घोटाळा होतो.

सगळ्यात जास्त मुलं ट्रान्स मेदाम्लांपाशी अडखळतात. कागदोपत्री ती असंपृक्तच, म्हणून त्यांना तरलता वाढवणाऱ्यांच्या रांगेत बसवलं जातं. अठरा कार्बनांची मेदाम्लं शेजारी ठेवून बघा. स्टिअरिकमध्ये एकही दुहेरी बंध नाही. ते सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळतं. ओलिइकमध्ये एक सिस बंध, द्रवणांक १३ च्या आसपास. इलायडिकमध्ये बंध त्याच जागी, पण ट्रान्स, आणि द्रवणांक थेट ४५ च्या घरात! सिस बंधापाशी साखळी वाकते, त्यामुळे शेजारणीला खेटून बसता येत नाही आणि पटल तरल राहतं. ट्रान्स साखळी जवळजवळ सरळच राहते. म्हणून उत्तरात नुसतं ‘असंपृक्त’ लिहू नका, ‘सिस’ लिहा.

‘जितके बंध तितकी तरलता’ हेही सरळ गणित नाही. लिनोलेइकमध्ये दोन सिस बंध आहेत, द्रवणांक उणे ५. म्हणजे पहिल्या बंधाने ५६ अंशांचा फरक पाडला, दुसऱ्याने फक्त १८ चा. साखळीची लांबी तर बरेच जण विसरूनच जातात. लांब साखळ्या एकमेकींना जास्त घट्ट धरतात, म्हणून तरलता घटते.

कोलेस्टेरॉलबद्दल ‘ते पटल कडक करतं’ असं लिहून थांबलात तर अर्धे गुण जातात, आणि जायलाच हवेत. शरीराच्या तापमानाला ते साखळ्यांची हालचाल आवरतं, हे खरं. पण तापमान उतरलं की तेच साखळ्यांच्या मध्ये येऊन त्यांना घट्ट रचू देत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची चूक: पेशी जिवंत आहे हे विसरणं. १९७४ मध्ये सिनेन्स्की या शास्त्रज्ञाने ई. कोलाय हे जिवाणू वेगवेगळ्या तापमानांना वाढवून दाखवलं की ते आपली मेदाम्लं बदलतात आणि त्या-त्या तापमानाला पटलाची तरलता जवळपास सारखीच ठेवतात. म्हणून ‘थंडीत पटल गोठतं’ असं लिहिण्याआधी विचारा: थंडी हळूहळू आली की एकदम? आणि पेशीला जुळवून घेण्याची सोय आहे का? केळ्याला ती फारशी नाही. जळगावचं केळं साधारण १३ अंशांखाली ठेवलं की साल काळवंडते, कारण पटलं बिघडतात आणि एरवी वेगळे राहणारे फिनॉल (वनस्पतीतली रसायनं) व विकर (एन्झाइम) एकत्र येऊन काळपट रंग तयार होतो.

बीटच्या फोडी वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवण्याच्या प्रात्यक्षिकाचंही तसंच. गरम पाण्यात लाल रंग उतरला की मुलं ‘मेद वितळले’ लिहितात. पटल तर साध्या तापमानालाही तरलच होतं. ६० अंशांच्या पुढे प्रथिनंही उलगडतात आणि रंग अडवणारी भिंतच फुटते. आणि थंड पाण्यातही रंग दिसला तर घाबरू नका. तो कापताना फुटलेल्या पेशींचा असतो. फोडी कापल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मगच परीक्षानळीत टाका.