छोट्या सर्व्हरवर पीएचपी: सीजीआय, मॉड-पीएचपी की एफपीएम?

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकाच्या दुकानाची साइट एरवी निवांत चालते. जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास मात्र १ जीबी रॅमचा सर्व्हर धापा टाकतो. तो तगणार की नाही, हे बरंचसं पीएचपी (साइटची पानं तयार करणारी भाषा) अपाचेला (ती पानं वाचकाकडे पाठवणाऱ्या वेब सर्व्हर प्रोग्रामला) कशी जोडली आहे यावर ठरतं. त्यासाठी सीजीआय, मॉड-पीएचपी आणि एफपीएम अशा पद्धती आहेत.

सीजीआयमध्ये दर विनंतीला नवी प्रोसेस (चालू प्रोग्राम) उभी राहते आणि उत्तर देऊन संपते. दिवसातून चारदा चालणाऱ्या स्क्रिप्टला हे पुरतं. ५०० एरर (सर्व्हरमधलाच बिघाड) आली तर आधी फाइलची परवानगी ७५५ (चालवता येईल अशी) आहे का बघा. फाइल विंडोजवर लिहिली असेल, तर ओळींच्या शेवटी राहिलेलं जादा अक्षरही घात करतं.

मॉड-पीएचपी अपाचेच्या पोटातच बसते. सोपी आहे, पण मुखपृष्ठाचं साधं चित्र पाठवणारी प्रोसेससुद्धा पीएचपीचं ओझं वाहते. नव्या सर्व्हरवर ती घेऊ नये.

एफपीएमच घ्या. यात पीएचपीच्या प्रोसेस अपाचेबाहेर वेगळ्या चालतात. उबंटू २४.०४ (लिनक्सची एक आवृत्ती) वर पीएचपी ८.३ चं एफपीएम पॅकेज टाका. मग आधी मॉड-पीएचपी बंद, नंतर प्रीफोर्क (विनंत्या हाताळायची अपाचेची जुनी पद्धत) बंद (उलट क्रमाने केलं तर अपाचे अडवतो), मग इव्हेंट (त्याऐवजीची पद्धत) आणि प्रॉक्सी-एफसीजीआय (अपाचेला एफपीएमशी जोडणारा भाग) चालू, एफपीएमची कॉन्फिग चालू, आणि अपाचे रीस्टार्ट.

खरी मेख ‘मॅक्स चिल्ड्रन’, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती पीएचपी प्रोसेस चालाव्यात, या आकड्यात आहे. मुळात तो ५ असतो. साइटवर वर्दळ असताना एक पीएचपी प्रोसेस किती रॅम खाते ते मोजा. समजा ४५ एमबी. डेटाबेस आणि सिस्टिमसाठी ४५० एमबी राखले, तर उरलेल्या ५७० एमबीत १२ प्रोसेस बसतात, आकडा १० ठेवा. हावरेपणाने ५० लिहिलं, तर रॅम संपते आणि लिनक्स बहुधा सगळ्यात जास्त रॅम खाणाऱ्या डेटाबेसचाच बळी घेतो. आकडा कमी पडला, तर एफपीएमच्या लॉगमध्ये तशी सूचना येते.

५०३ एरर (सेवा उपलब्ध नाही) दिसली तर एफपीएम चालू आहे का तपासा. सेटिंग बदलूनही फरक पडत नसेल, तर अपाचे नव्हे, एफपीएम रीस्टार्ट करा. आणि बदल कमांड लाइनच्या नव्हे, एफपीएमच्या फोल्डरमधल्या पीएचपी-आयएनआय (पीएचपीच्या सेटिंगच्या) फाइलमध्येच केलाय ना, तेही बघा.

मॉड-पीएचपीवरून एफपीएमवर आल्यानंतर सगळी साइट ५०० देऊ लागली, तर एचटी-अ‍ॅक्सेस (साइटच्या फोल्डरमधल्या अपाचेच्या सेटिंगच्या) फाइलमधल्या ‘पीएचपी व्हॅल्यू’च्या ओळी शोधा. त्या मॉड-पीएचपीलाच कळतात. तीच सेटिंग्ज ‘यूजर आयएनआय’ (साइटच्या फोल्डरमधल्या पीएचपीच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये हलवा आणि ५ मिनिटं थांबा. ती फाइल तेवढ्या अंतरानेच पुन्हा वाचली जाते.