हलव्याला काटा येत नाही? दाण्यांच्या हलव्यात या चुका टाळा

डिसेंबर संपत आला की आमच्याकडे माळ्यावरची पितळी परात खाली येते. संक्रांतीला तिळाचा हलवा हवाच, पण पोरं वाट बघतात ती शेंगदाण्याच्या हलव्याची. वर पांढरे काटे, आत खमंग दाणा. आणि बिघडतोही तोच जास्त. तीळ कसा, कोरडा आणि हलका. दाणा तेलकट, जड आणि गुळगुळीत. तिळाच्या सवयीने दाण्यावर पाक घातला की पहिल्या दिवशीच हात टेकायची वेळ येते.

दाण्यापासूनच बघू. बारीक, गोल दाणे घ्या. लांबट टपोऱ्या दाण्यावर थर सारखा बसत नाही, टोकं उघडी राहतात. मंद आचेवर पार खुटखुटीत होईपर्यंत भाजा, पण काळे डाग पडू देऊ नका, कारण पांढऱ्या साखरेतून ते दिसतात. सालं काढा, दुभंगलेले दाणे कुटासाठी बाजूला टाका. मग महत्त्वाचं: दाणे पूर्ण गार होऊ द्या आणि कोरड्या पंचात घालून चोळून पुसून घ्या. गरम दाण्याच्या अंगावर तेल सुटलेलं असतं, त्यावर पाक धरत नाही. वाळला की पापुद्र्यासारखा सुटून येतो. मिठाईच्या कारखान्यांत यावर उपाय म्हणून दाण्यांना आधी डिंकाच्या पाण्याचा पातळ हात देतात. घरीही करता येतं. खायचा डिंक थोड्या पाण्यात भिजवून गाळायचा, दाण्यांना जेमतेम ओल लागेल इतकंच चोळायचं आणि दाणे सुटे पसरून वाळवायचे. काजूचे तुकडे घेतले तरी हीच गोष्ट.

आता पाक. माझं माप वाटीभर साखरेला अर्धी वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, करडा फेस वर येतो, तो काढून पाक पातळ फडक्यातून गाळायचा. हे दूध न गाळता तसंच ठेवलं तर हलवा पिवळट होतो. पाक एकतारीच्या किंचित अलीकडे थांबवायचा. बोटांत तार येऊन लगेच तुटली पाहिजे. पुढे गेला तर परातीत पडताच त्याची पिठीसाखर होते. फार पातळ राहिला तर आधी बसलेला थरच विरघळवतो. घट्ट झालेला पाक फेकू नका, चमचाभर पाणी घालून कोमट केला की परत वळणावर येतो. उद्यासाठी साठवू मात्र नका, तळाशी खडे धरतात. रोज वाटीभर साखरेचाच करा. पाऊण वाटी दाण्यांना तीन-चार दिवस रोज तेवढा पुरतो.

लिंबाचं एक सांगून ठेवते. पाक दाणेदार होऊ नये म्हणून गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळायची सवय असते, तीच इथे घात करते. आंबटपणामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ते साखरेला दाणा धरू देत नाही, वर हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याला तर दाणाच हवा आहे, काटा म्हणजे दुसरं काय असतं? मध आणि गूळ याच कारणाने बाद. गुळाचे दाणे छान लागतात, पण ते गुळाचे दाणे, हलवा नव्हे.

खरी गंमत आणि खरी चूक पाक घालण्यात आहे. पाऊण वाटी दाण्यांना एका वेळी अर्धा चमचा पाक. होय, अर्धाच, आणि तोही चहाचा चमचा. घातला की बोटांच्या टोकांनी दाणे हलके गोल फिरवत राहायचं. आधी ते एकमेकांना चिकटतात, मग चिकटपणा कमी होतो, मग अचानक सुटे होतात आणि परातीत खुळखुळ असा कोरडा आवाज येतो. तो आवाज येईपर्यंत दुसरा चमचा नाही. ओलसर दाण्यांवर पुढचा पाक पडला की काट्याची टोकं विरघळतात आणि दाणा गुळगुळीत होत जातो. काटा वाढतो तो आधीच्या टोकावर थेंबभर पाक लागून तिथेच वाळल्याने. म्हणून हात दाबायचाही नाही. तळव्याने रगडलं की टोकं झिजतात. नाव हलवा असलं तरी दाणे नुसते लोटायचे असतात.

परातीच्या तळाला साखरेचा भुरा साचतो, तो दर आठ-दहा चमच्यांनी चाळून काढा. मी पूर्वी कंटाळा करायचे. मग पाक दाण्यांऐवजी भुराच पिऊन टाकतो आणि मध्येच नुसत्या साखरेच्या गोळ्या तयार होतात. भुरा चहात जातो, वाया काही जात नाही.

आच अशी हवी की परातीत बोटं सुखाने राहतील. पूर्वी शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरून त्यावर परात ठेवत. गॅसवर जाड तवा ठेवून त्यावर परात आणि ज्योत अगदी बारीक, एवढं जमतं. मी एकदा हुशारी करून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवली. कडेने येणाऱ्या वाफेने अख्खा घाणा चिकट झाला. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तसाही वेळ जास्त लागतो. रात्री उशिरा किंवा पहाटे करा, खिडक्या लावून. शेजारी कुकर लावू नका.

लगदा झालाच तर पाक बंद करा, गोळे कोमट असतानाच बोटांनी सोडवा, ताटात पसरून वर पातळ कापड टाका आणि रात्रभर ठेवून द्या. सकाळी पुन्हा सुरू. रोज दोन तास, तीन-चार दिवस, हाच हिशेब आहे. जपानात कोन्पेइतो नावाची अशीच काटेरी साखरगोळी करतात. पोर्तुगीजांकडून सोळाव्या शतकात तिकडे गेलेली. फिरत्या गरम कढईत तिचा एक घाणा व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. आपण त्या मानाने सुटलो.

रंग किंवा केशर शेवटच्या पाच-सहा चमच्यांतच. आधी घातला तर खर्च जास्त आणि छटा मळकट.

झालेला हलवा एक दिवस उघड्यावर पूर्ण वाळवून मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दागिन्यांसाठी तिळाचाच ठेवा, दाण्यांचा दोऱ्याला जड होतो. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून ओतायलाही तो नको. काटे टोचतात ते वेगळंच, पण लहान मुलं खाली पडलेला दाणा पटकन तोंडात टाकतात आणि अख्खा शेंगदाणा घशात अडकू शकतो. तिथे चुरमुरे आणि बोरं चालतील, बोरांच्या बिया आधी काढून.